मधली तुळई

“पायरी धुतली का?” हणमंतराव पाटलांनी विचारलं.

“धुतली,” कुणीतरी म्हणालं.

भैरोबाच्या देवळाची सगळ्यात खालची पायरी ओलीचिंब दिसत होती. माझ्या वडिलांनी तिच्यावर नाक घासायचं होतं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं होतं, ‘रथाला मी कुजकं लाकूड घातलं, चूक माझी.’ सकाळचे नऊ वाजत होते. बायकासुद्धा हातातलं काम टाकून आल्या होत्या. दुसऱ्याचं नाक घासलं जाताना बघायला आमच्या उंबरदऱ्यात कुणालाच कधी वेळ कमी पडला नाही.

आबा टोपी हातात घेऊन उभे होते. ती हातातली टोपी मला बघवेना. त्यांना बोडक्या डोक्यानं मी फक्त आंघोळीच्या वेळी पाहिलं होतं.

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, जत्रेपुरती घरी आलेली. आबा म्हणजे ज्ञानू सुतार, गावचे मेस्त्री. पाळण्यापासून नांगरापर्यंत गावातलं सगळं लाकूड त्यांच्या हातून जायचं. भैरोबाच्या रथाचं काम हा त्यांचा मान होता. त्यांच्या आधी तो त्यांच्या वडिलांचा होता.

तो रथ समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. चार लाकडी चाकं, वर वीस हात उंच शिखर, आणि खालून एक लांबलचक सागवानी तुळई. तुळईच्या पुढच्या टोकाला लोखंडी कडी, मागच्या टोकाला दुसरी. पुढच्या कडीतला नाडा, म्हणजे जाडजूड दोर, ओढायचा, तो वरल्या आळीच्या हातात. मागच्या कडीतला नाडा धरायचा, तो खालच्या आळीच्या हातात. देवळापासून ओढ्यापर्यंत रस्ता उताराचा, मागून कुणी धरलं नाही तर रथ माणसांच्या अंगावर जाईल. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन आळ्या वर्षातून एकदा अशा एका लाकडाला बांधल्या जायच्या.

वरल्या आळीचे हणमंतराव पाटील, खालच्या आळीचे सर्जेराव सरपंच. दोघं सख्खे चुलतभाऊ. बावीस वर्षं बोलणं बंद. कशावरून फाटलं ते त्यांनाही धड आठवत नसावं, पण वैर मात्र दोघांनी नेमानं सांभाळलं होतं.

पिंपळाच्या चौकात रथ थांबायचा आणि खालच्या आळीची पूजा घ्यायचा, अशी रीत. त्या वर्षी हणमंतरावांनी थांबायचंच नाही असं ठरवलं. पुढून शंभर माणसांनी नाडा ओढायला घेतला, मागून शंभर माणसांनी टाचा रोवून धरून ठेवला. पाव तास रथ जागचा हलला नाही. आबा रथाला खेटून उभे होते, तुळईवर तळहात टेकवून. मी समोरच्या ओट्यावरून बघत होते. ते ओरडत होते, “सोडा! कुणीतरी एकानं सोडा!” चांगभलंच्या आरोळीत त्यांचं ऐकतो कोण. मग एक आवाज झाला, लाकूड फाटल्याचा. तुळई मागच्या कडीपासून उभी चिरत गेली, शिखर आडवं झालं, आणि वर बसलेल्या विठू गुरवाचा पाय मोडला.

दुसऱ्या दिवशी पाटील आणि सरपंच समोरासमोर बसले नाहीत. निरोप मात्र दोन्हीकडून एकच आला. मेस्त्रीनं पायरीवर नाक घासावं.

“ज्ञानू, आटप,” हणमंतराव म्हणाले. “ऊन व्हायला लागलंय.”

“मेस्त्रीला घाई न्हाई,” लांबूनच, पाटलांकडे न बघता सर्जेराव म्हणाले. “लाकूड निवडताना मातर झाली हुती.”

माणसं हसली. दोन्ही आळ्यांची एकदमच हसली. आबांनी एक पाऊल पुढं टाकलं आणि माझं डोकं फिरलं.

“आबा, थांबा.”

“शालन, घरी जा,” ते वळूनही न बघता म्हणाले.

“लाकूड कुजकं न्हवतं.”

“ही कोण?” हणमंतरावांनी विचारलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं. आमच्या घरावरून रोज त्यांची जीप जायची.

“सुताराची पोरगी. कॉलेजात असती,” कुणीतरी म्हणालं.

“मग तिकडं चालव म्हणावं कॉलेज. हितं बाप्ये बोलत्यात.”

“बाप्ये काय बोलले ते ऐकलं की मी,” मी म्हणाले. “तुळई कशानं मोडली ते एकानंबी सांगितलं न्हाई.”

हणमंतराव देवळाच्या ओट्यावरून उतरून माझ्यासमोर आले. धिप्पाड माणूस, अंगाला तंबाखूचा वास.

“सांगतो. रथ जागचा हलला का?”

“न्हाई.”

“बोटभर तरी?”

“न्हाई.”

“मग जोर कुठं लागला? आमचा जोर पुढं, त्येंचा मागं. फिटंफाट. लाकडावर जोर उरलाच न्हाई. जोर न लागता मोडतंय ते लाकूड कुजकं. ह्याला कॉलेज कशाला पायजे?”

सगळ्या माना डोलल्या. एवढ्यावर थांबले असते तर सर्जेराव कसले.

“आनि आमी तर वढतबी न्हवतो,” ते म्हणाले. “आमचा मान धरायचा. आमी नुसता धरला हुता. वढणारं वढत हुतं.”

मला राग आला होता. त्याहून जास्त लाज वाटत होती, कारण पाटलांचं हे उत्तर मी स्वतः तीन महिन्यांपूर्वी दिलं होतं. तोंडी परीक्षेत पदार्थविज्ञानाच्या टिल्लू सरांनी टेबलावर एक ताणकाटा, ओढलं की वजन दाखवणारा स्प्रिंगचा काटा, आडवा ठेवला होता. दोन्ही टोकांना दोऱ्या, त्या कप्पीवरून खाली सोडलेल्या, आणि दोन्हीकडे दहा-दहा किलोची वजनं. काटा किती दाखवील? मी म्हणाले, शून्य. का? तर दोन्ही जोर सारखे, उलट दिशांचे, आणि काटा तर जागचा हलत नाही.

“हलत नाही, कबूल,” सर म्हणाले होते. “आता असं करा. या दाराच्या फटीत बोट ठेवा. मी इकडून दार दाबतो, शिपाई चौकट तिकडून धरून ठेवील. बोटसुद्धा जागचं हलणार नाही. ठेवता?” मी हात मागे घेतला. सगळे खो खो हसले. “गावाकडची डोकी,” असं म्हणून सरांनी पाच मार्क कापले. मी वसतिगृहात येऊन रडले, आणि मग ते प्रकरण इतक्या वेळा वाचलं की पुस्तकाचं पान सुटं झालं.

देवळाशेजारी जळणाची वखार होती. वखारवाले दस्तगीरचाचा दारातच उभे होते. ते दोन्ही आळ्यांचे नव्हते, म्हणून दोन्ही आळ्या त्यांचं वजन खरं मानायच्या.

“चाचा, तुमचा ताणकाटा द्या जरा.”

“शालन,” आबा आता वळले. “ऱ्हाऊ दे. माझं नाक हाय. घासलं म्हणून झिजत न्हाई.”

“तुमचं नसंल झिजत. माझं झिजतंय.”

आबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती.

“आण की काटा,” सर्जेराव म्हणाले. “तेवढीच करमणूक.”

चाचांनी काटा आणला. शंभर किलोचा, पितळी तोंडाचा, दोन्ही टोकांना अडकवायचे आकडे. मी एका आकड्याला दोर बांधून तो देवळासमोरच्या दीपमाळेभोवती गुंडाळला, दुसऱ्या आकड्याचा दोर हणमंतरावांपुढं धरला.

“पाटील, ओढा.”

“मी? तुझ्या सांगण्यावरनं?”

“जमत नसंल तर सरपंचांना सांगते.”

त्यांनी दोर हिसकावून घेतला आणि असा ओढला की काटा करकरला.

“बेचाळीस,” चाचा वाकून म्हणाले.

“दीपमाळ ओढतीया का हो?” मी सरपंचांना विचारलं.

“दगूड कशाला वढंल? डोस्कं फिरलंय का तुजं?”

“बरं. आता दीपमाळेच्या जागी तुमी या. ओढायचं न्हाई. चौकात धरलं तसं नुसतं धरायचं. काटा जागचा हलू द्यायचा न्हाई.”

सर्जेराव आढेवेढे घेऊ लागले. पण सगळा गाव बघत होता, आणि समोरच्या टोकाला हणमंतराव दोर धरून उभे होते. सरपंचांना मागं हटताच येईना. बावीस वर्षांत त्या दोघांनी एका वस्तूला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता.

“आता किती दाखवील, पाटील?”

“शून्य. फिटंफाट.”

“चौऱ्याऐंशी,” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “दोघांचं मिळून.”

“ओढा.”

हणमंतराव मागं रेलले. सर्जेरावांनी टाचा रोवल्या. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, धोतराचा सोगा सुटला, पण काटा काही त्यांनी हलू दिला नाही. चाचा वाकले. काट्याचं तोंड पुसून त्यांनी परत बघितलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“बेचाळीस.”

“नीट बघ, दस्तगीर,” हणमंतराव दातओठ खात म्हणाले.

“नीटच बघितलं, पाटील. काटा जागचा हलला न्हाई, आनि बेचाळीस हाय.”

मी सरपंचांच्या जवळ गेले.

“नुसतं धरलंय न्हवं, सरपंच? मग घाम कशाचा आलाय?”

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“धरून ठेवणं म्हंजेबी ओढणंच,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “ते बेचाळीस ओढत्यात, तुमीबी बेचाळीसच. एकाचा जोर कमी असता तर काटा दुसरीकडं गेला असता. रथ पाव तास जागचा हलला न्हाई, म्हंजे पाव तास दोन्ही आळ्या सारख्याच ओढत हुत्या. रथ हलला न्हाई म्हणून तुळईला काई लागलं न्हाई असं म्हणता? ह्या मधल्या काट्याला विचारा, त्याला काय लागतंय ते. चौकात काट्याच्या जागी आबांची तुळई हुती.”

इथे थांबायला हवं होतं. आबांचं काम झालं होतं. आजही मी तो क्षण डोळ्यांपुढं आणते तेव्हा तिथे थांबते, दोर हळूच सैल करायला सांगते, काटा चाचांना परत देते आणि आबांचा हात धरून घरी जाते.

तसं मी केलं नाही. हणमंतराव सगळा भार मागं टाकून रेललेले मला दिसत होते. त्यांच्या मागं ती धुतलेली पायरी होती, तीही दिसत होती.

“दोघांतल्या एकानं सोडलं असतं तर तुळई वाचली असती,” मी म्हणाले. “खरंखोटं बघा. सरपंच, सोडा.”

सर्जेरावांनी माझ्याकडे पाहिलं. काय होणार ते त्यांनाही कळलं होतं. त्यांनी सोडलं.

हणमंतराव उलटे गेले आणि आबांसाठी धुतलेल्या त्या पायरीवर धप्पकन बसले. फेटा सुटून ओल्या फरशीवर घरंगळला. आधी कुणी हसलं नाही. मग पोरं हसली, मग बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि सगळ्यात मोठ्यानं सर्जेराव हसले.

“हसू नका, सरपंच,” मी म्हणाले. माझी जीभ आता आवरतच नव्हती. “तुमीबी ह्यांच्याइतकंच ओढलंत. तसूभर कमी न्हाई, तसूभर जास्त न्हाई. आता वरसभर चावडीवर बसून ‘आमचाच जोर जास्त’ म्हणू नका. विठूकाकांचा पाय दोघांनी मिळून मोडलाय.”

मग गाव सरपंचांनाही हसलं. हसण्यात पक्षपात झाला नाही.

नाक घासायचं राहून गेलं. दोन म्हाताऱ्यांनी मेस्त्रीकडं दोष नाही असं सांगितलं आणि माणसं पांगली. आबांनी टोपी डोक्यावर ठेवली. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. ते दस्तगीरचाचांशी दोन शब्द बोलले आणि चालू लागले. मी मागून.

“पाडलंस त्याला,” आमच्या बोळात शिरल्यावर ते म्हणाले.

“सरपंचानं सोडलं.”

“तू पाडलंस.”

“पडू दे की! तुमाला पायरीवर वाकवत हुता तो.”

“तुळई कशानं मोडली ते मला शिकवू नगंस,” आबा थांबून म्हणाले. “माझा हात हुता तिच्यावर. मोडायच्या आधी मला कळलं हुतं.”

“मग बोलला का न्हाई तिथं? टोपी काढून उभं काय ऱ्हायलात?”

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मी त्यांना भित्रे म्हणाले. तोंडावर. आयुष्यात एकदाच, पण म्हणाले.

मग मी परीक्षेला निघून गेले. गतिशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क पडले. जूनच्या तोंडाला घरी आले तर अंगण रिकामं होतं. पेरणीच्या आधी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. नांगर, कुळव, तिफणी, मोडकी चाकं, आणि त्यात घाई करणारे शेतकरी. त्या दिवशी तिथे एक कोंबडी माती उकरत होती.

“आई, कामं कुठायत?”

आई चुलीपुढं बसली होती. ती माझ्याकडे न बघता बोलली. “पाटील आनि सरपंच बोलायला लागलं.”

“कधीपासनं?”

“तू गेल्यावर आठ दिसांत. देवळात एका घोंगड्यावर बसलं दोघं. नवा रथ भायेरगावच्या मेस्त्रीकडं द्यायचा ठरला. गावानं ह्यांच्याकडं काम न्यायचं न्हाई, तेबी ठरलं. वरल्या आळीनं न्हाई, खालच्याबी न्हाई.”

बावीस वर्षांनी दोघं भाऊ बोलले, आणि पहिला शब्द आमच्यावर बोलले.

“आसं कसं? आधीबी पाटील रागवायचा की आबांवर.”

“रागवायचा. पाटलानं काम बंद केलं की सरपंच मुद्दाम दोन नांगर धाडायचा. सरपंच बिघडला की पाटलाची बैलगाडी दारात उभी. दोघंबी तुज्या आबाला आपल्या अंगाला वढायचं. शिव्या दोघांच्या खायच्या, आनि हितंच ऱ्हायाचं. तसाच संसार केला ह्येंनी बावीस वरसं.” तिनं भाकरी उलटली. “तुला वाटलं, त्येंना बोलता येत न्हाई.”

मी ओसरीवर जाऊन बसले. आबा मागच्या पडवीत रंध्याचं पातं परजत होते. परजायची काही गरज नव्हती. त्यांची माफी मागावी असं फार वाटलं, पण मी ओसरीवरून उठले नाही.

आषाढात आम्ही गाव सोडलं. टेम्पो भैरोबाच्या देवळापर्यंतच आला, पुढं चिखल होता. भांडी, गाद्या, आईचं जातं, सगळं डोक्यावरून आणावं लागलं. मदतीला एकटे दस्तगीरचाचा आले. पुढं आबा तालुक्याला एका दुकानात शाळेची बाकडी करायला लागले. मीही तिथल्याच हायस्कूलात शिक्षिका झाले आणि एकतीस वर्षं पोरांना हाच धडा शिकवला. दरवर्षी काट्याच्या प्रश्नाला कुणीतरी शून्य म्हणायचं. मी कधी कुणाला हसले नाही.

गाव सोडलं त्या दिवशी सगळं टेम्पोत चढवून झाल्यावर आबा हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन दीपमाळेच्या कट्ट्यावर बसले होते. चैत्रातल्या त्या जत्रेपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

“शालन,” ते एकदम म्हणाले, “त्या दिवशी पाटील आनि सरपंच दोघं काट्याच्या एकाच अंगाला असतं तर?”

“म्हंजे दोघांनी एकाच बाजूला ओढलं असतं तर?”

“व्हय. किती दाखवला असता?”

“दुसऱ्या अंगाला दीपमाळ असती तर चौऱ्याऐंशी.”

“आनि दुसऱ्या अंगाला कोणच नसतं तर?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते मला पाठ होतं. पण सांगता सांगता माझी नजर सामानानं भरलेल्या टेम्पोकडं गेली.

“तर काटा काईच दाखवत न्हाई, आबा. त्यो नुसता जातो, ते ओढतील तिकडं.”

आबांनी मान हलवली. उठले, पेटी टेम्पोत ठेवली, आणि देवळाकडे पाठ करून ड्रायव्हरला म्हणाले, “चला.”